शुल्क न घेणारे कॉलेज चालते कसे? केंटकीतील बेरियाचा इतिहास आणि स्वभाव

अमेरिकेत 4 जुलै 2025 रोजी राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झालेल्या करविषयक कायद्याने खासगी विद्यापीठांच्या गुंतवणुकीच्या उत्पन्नावरील कर वाढवला आणि सर्वांत श्रीमंत संस्थांसाठी तो 8 टक्क्यांपर्यंत नेला. त्या निमित्ताने हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ही नावे बातम्यांत बरीच गाजली. मात्र त्याच कायद्यातील एका अटीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. शुल्क भरणारे किमान 3,000 विद्यार्थी ज्या संस्थेत आहेत, तिलाच हा कर लागू होतो. अमेरिकेतील उच्च शिक्षण किती महाग आहे हे आपल्या घरोघरी ठाऊक आहे. त्यामुळे तिथल्या कायद्याला ‘शुल्क भरणारे’ असे वेगळे सांगावे का लागले, असा प्रश्न वाचकाला पडणे साहजिक आहे. हे शब्द तिथल्या करकायद्यात प्रथम 2018 मध्ये आले, आणि ते येण्यामागे मुख्यत्वे एका लहानशा ख्रिस्ती महाविद्यालयाचा प्रश्न होता. केंटकी राज्यात, अॅपलेशियन डोंगररांगांच्या पायथ्याशी असलेल्या बेरिया कॉलेजने 1892 पासून आपल्या एकाही विद्यार्थ्याकडून शिक्षणशुल्क घेतलेले नाही.

हे कॉलेज कसे चालते, हा हिशोबाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर पुढे येईलच. परंतु माझ्या मते तो हिशोब समजण्याआधी या संस्थेचा इतिहास समजणे आवश्यक आहे, कारण बेरियाने आपण कोणासाठी आहोत हे आधी ठरवले आणि पैशाची व्यवस्था त्या निर्णयाच्या मागोमाग उभी केली.

लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणजे काय?

आपल्याकडे ‘आर्ट्स’ म्हटले की सायन्स आणि कॉमर्स वगळून उरलेली शाखा डोळ्यांसमोर येते. अमेरिकेतील लिबरल आर्ट्स कॉलेजमध्ये मात्र भौतिकशास्त्र, गणित, जीवशास्त्र हे विषयही असतात. चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमात विद्यार्थी आरंभी साहित्य, विज्ञान, इतिहास, तत्त्वज्ञान, कला अशा अनेक विषयांतून जातो आणि नंतर एक मुख्य विषय निवडतो. अशी कॉलेजे बहुधा लहान आणि निवासी असतात, पदव्युत्तर संशोधनापेक्षा पदवीच्या अध्यापनावर त्यांचा भर असतो, आणि विद्यार्थी व प्राध्यापक एकमेकांना नावाने ओळखतात. एकोणिसाव्या शतकात अशी शेकडो कॉलेजे प्रॉटेस्टंट चर्चशी संबंधित मंडळींनी स्थापन केली. कोणाला धर्मोपदेशक घडवायचे होते, कोणाला नव्याने वसलेल्या प्रदेशात सुशिक्षित नागरिक हवे होते. बेरिया याच परंपरेतील आहे, परंतु त्याचा जन्म एका भांडणातून झाला.

गुलामगिरीच्या राज्यात एक शाळा

जॉन ग्रेग फी यांचा जन्म 1816 मध्ये केंटकीतच, गुलाम बाळगणाऱ्या घरात झाला. सिनसिनाटी येथील लेन सेमिनरीत धर्मशिक्षण घेत असताना, शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम करा असे सांगणारा धर्म आणि शेजाऱ्याची खरेदी-विक्री करणारी व्यवस्था एकत्र नांदू शकत नाहीत, अशी त्यांची खात्री पटली. ही खात्री त्यांनी घरापासून अमलात आणली. वडिलांच्या मालकीच्या ज्युलेट माइल्स या स्त्रीला त्यांनी स्वतः विकत घेऊन मुक्त केले. वडिलांनी त्यांना वारसाहक्कातून वगळले. पुढे आपल्या मुलाबाळांना स्वातंत्र्यात नेण्याच्या प्रयत्नात ज्युलेट पकडल्या गेल्या आणि केंटकीच्या तुरुंगातच त्यांचा अंत झाला. बेरियाच्या इतिहासात हे नाव अध्यक्षांच्या आणि देणगीदारांच्या नावांइतकेच ठळकपणे घेतले गेले पाहिजे, असे मला वाटते.

केंटकीतील राजकारणी कॅशियस क्ले हेही गुलामगिरीचे विरोधक होते. त्यांनी फी यांना मॅडिसन काउंटीत जमीन देऊ केली. तिथे आधी चर्च आणि 1855 मध्ये एका खोलीची शाळा सुरू झाली. गावाला नाव मिळाले ते बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या सतराव्या अध्यायातून. नवी शिकवण खुल्या मनाने ऐकून घेणाऱ्या लोकांचे नगर म्हणून तिथे बेरियाचा उल्लेख येतो. संस्थेचे बोधवाक्यही त्याच अध्यायातले आहे, आणि त्याचा आशय असा की देवाने पृथ्वीवरील सर्व लोकांना एकाच रक्ताचे निर्माण केले आहे.

फी यांच्यासमोर नमुना होता तो ओहायोतील ओबर्लिन कॉलेजचा. 1833 मध्ये स्थापन झालेल्या ओबर्लिनने 1835 पासून कृष्णवर्णीयांना आणि 1837 पासून पदवी अभ्यासक्रमात स्त्रियांना प्रवेश दिला होता. परंतु ओहायो हे गुलामगिरी नसलेले राज्य होते आणि केंटकीत माणसांचा बाजार भरत होता, हा फरक लहान नव्हता. बेरियाच्या आरंभीच्या नियमावलीत असे लिहिले गेले की हे कॉलेज ख्रिस्ती प्रभावाखाली चालेल आणि म्हणूनच पंथाभिमान, गुलामगिरी, जन्मावर आधारलेला भेद आणि अशा प्रत्येक अन्यायी प्रथेच्या विरोधात राहील. यातील ‘म्हणूनच’ महत्त्वाचे आहे. ख्रिस्ती असणे आणि भेदाच्या विरोधात असणे ही दोन वेगळी कलमे करून ती शेजारी ठेवलेली नव्हती. दुसरे पहिल्यातून निघत होते.

याच मुद्द्यावर फी आणि क्ले यांची फारकत झाली. 1856 च्या 4 जुलैला एका जाहीर सभेत फी यांनी सांगितले की गुलामगिरीला मान्यता देणारा मनुष्यनिर्मित कायदा ईश्वराच्या नियमाविरुद्ध आहे आणि तो पाळण्याचे बंधन नाही. गुलामगिरी कायद्याच्या मार्गाने आणि टप्प्याटप्प्याने संपवावी, असे मानणाऱ्या क्ले यांना हे मान्य होणे शक्य नव्हते. त्यांनी आपला पाठिंबा काढून घेतला आणि फी यांच्या डोक्यावरचे राजकीय छत्र गेले.

त्याचे परिणाम तीन वर्षांनी दिसले. ऑक्टोबर 1859 मध्ये, गुलामगिरी शस्त्राच्या बळावर संपवू पाहणारे जॉन ब्राऊन यांनी हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रागारावर हल्ला केला आणि सारा दक्षिण भाग हादरला. त्या सुमारास फी निधीसाठी पूर्वेकडे गेले होते. ब्राऊन यांच्या मार्गाचे नव्हे, पण त्यांच्यासारख्या समर्पणाचे अनुकरण व्हावे, असे त्यांनी एका भाषणात सांगितले. केंटकीतील वर्तमानपत्रांत त्यातील पहिला भाग गळून दुसराच तेवढा पोहोचला. डिसेंबरमध्ये सशस्त्र घोडेस्वारांची टोळी बेरियात आली आणि दहा दिवसांत गाव सोडण्याचा इशारा देऊन गेली. शिक्षक, त्यांची कुटुंबे आणि सहकारी भर हिवाळ्यात ओहायो नदी ओलांडून सिनसिनाटीला गेले. कॉलेजची घटना तयार होती, कॉलेज मात्र नव्हते.

एकाच वर्गात

यादवी युद्धाच्या काळात फी कॅम्प नेल्सन या लष्करी तळावर राहिले. केंटकीतील हजारो कृष्णवर्णीय पुरुष केंद्रीय सैन्यात भरती होऊन तिथे गुलामगिरीतून मुक्त होत होते, आणि त्यांच्या कुटुंबांना निवारा व अक्षरज्ञान देण्याचे काम फी यांनी केले. युद्ध संपल्यावर बेरियाची शाळा पुन्हा उघडली. 1866 मध्ये पहिल्या कृष्णवर्णीय मुली वर्गात येऊन बसल्या तेव्हा अनेक गोरे विद्यार्थी उठून गेले. शाळेने त्यांना थांबवण्यासाठी कोणतीही तडजोड केली नाही. त्या पहिल्या पूर्ण वर्षात पटावर 187 विद्यार्थी होते. 96 कृष्णवर्णीय आणि 91 गोरे. केंटकीतील गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते.

मुलगे आणि मुली, गोरे आणि काळे एकत्र शिकत असलेले दक्षिणेतील हे पहिले कॉलेज. पुढील सुमारे तीन दशके तिथे दोन्ही समाजांचे विद्यार्थी जवळपास बरोबरीच्या संख्येने राहिले. बेरियाने 1873 मध्ये पहिल्या पदव्या दिल्या. त्याच वर्षी पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि गुलामांना दास्यमुक्त करण्याच्या कार्यात औदार्य आणि स्वार्थत्याग दाखवणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना तो अर्पण केला. फी आणि त्यांचे सहकारी त्या अर्पणपत्रिकेतील लोकांपैकीच होते, हे लक्षात घेतले की या दूरच्या कॉलेजचा इतिहास मराठी वाचकाला पूर्ण परका राहत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. बेरियाची वाटचाल सरळ रेषेत झाली नाही. 1892 मध्ये विल्यम गुडेल फ्रॉस्ट अध्यक्ष झाले. शिक्षणशुल्क बंद झाले ते याच वर्षी. फ्रॉस्ट यांचे लक्ष अॅपलेशियन डोंगरांतील गरीब गोऱ्या कुटुंबांकडे होते. रस्ते नाहीत, शाळा नाहीत, जगाशी संपर्क नाही, अशा स्थितीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या या लोकांची कहाणी त्यांनी उत्तरेतील देणगीदारांना परिणामकारकपणे सांगितली आणि निधी वाढला. डोंगरी मुलांना शिक्षण मिळाले, हे निःसंशय मोठे काम होते. परंतु त्या ओघात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे प्रमाण घसरत गेले आणि मूळ समतोल मोडला. त्यावर कृष्णवर्णीय माजी विद्यार्थ्यांनी आणि स्वतः वृद्ध फी यांनी नाराजी व्यक्त केली होती. म्हणजे बाहेरून घाव पडण्याआधीच आतली वीण सैल झाली होती.

डे कायदा आणि सर्वोच्च न्यायालय

1904 मध्ये केंटकीच्या विधिमंडळात कार्ल डे या प्रतिनिधीने एक विधेयक आणले. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना एकाच संस्थेत शिकवणे हा त्यानुसार गुन्हा ठरणार होता. संस्थेला 1,000 डॉलर दंड, शिक्षकांनाही दंड, आणि अशा वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्यांनाही दंड. एका संस्थेला दोन वेगळ्या शाखा चालवायच्या असतील, तर त्यांत किमान 25 मैलांचे अंतर असावे, असेही त्यात म्हटले होते. सरकारी शाळांत विभागणी आधीपासूनच होती. राज्यात दोन्ही समाजांना एकत्र शिकवणारे कॉलेज बेरिया हेच असल्यामुळे कायद्याचा रोख कोणावर होता, हे उघड होते.

आदल्याच वर्षी, 1903 मध्ये, कार्टर वुडसन बेरियातून पदवी घेऊन बाहेर पडले होते. पूर्वी गुलाम असलेल्या आईवडिलांचा आणि कोळशाच्या खाणीत राबलेला हा मुलगा पुढे हार्वर्डमधून डॉक्टरेट मिळवून कृष्णवर्णीयांच्या इतिहासलेखनाचा पाया घालणार होता. अमेरिकेत दर फेब्रुवारीत साजरा होणारा कृष्णवर्णीय इतिहासाचा महिना हा त्यांनी 1926 मध्ये सुरू केलेल्या सप्ताहाचाच विस्तार आहे. ते एक-दोन वर्षे उशिरा आले असते तर कायद्याने त्यांना बेरियाच्या वर्गात बसू दिले नसते.

बेरियाने कायद्याला आव्हान दिले, दंड झाला, अपील झाले आणि प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. नोव्हेंबर 1908 मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी निकाल कॉलेजच्या विरोधात गेला. त्यामागील तर्क समजून घेण्यासारखा आहे. काळ्या आणि गोऱ्या नागरिकांनी स्वेच्छेने एकत्र शिकू नये असे सरकार सांगू शकते का, या मूळ प्रश्नाला न्यायालयाने थेट हात घातलाच नाही. बेरिया ही राज्याने सनद देऊन निर्माण केलेली नोंदणीकृत संस्था आहे. जी संस्था राज्याने निर्माण केली तिच्या अधिकारांवर राज्य मर्यादा घालू शकते. व्यक्तीच्या बाबतीत काय, हा प्रश्न येथे पाहण्याची गरज नाही, असे बहुमताने म्हटले.

भिन्नमत नोंदवणाऱ्यांत न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन होते. तेही केंटकीचेच. 1896 च्या प्लेसी खटल्यात, गोऱ्या आणि काळ्या लोकांसाठी ‘वेगळ्या पण समान’ सोयी चालतील या तत्त्वाला एकट्याने विरोध करणारे न्यायमूर्ती ते हेच. संस्थेचे निमित्त करून नागरिकांच्या स्वातंत्र्यावर घाला घातला जात आहे, असे त्यांचे म्हणणे होते. हा तर्क मान्य केला तर उद्या चर्चमध्ये किंवा रविवारच्या शाळेत एकत्र बसण्यावरही सरकार बंदी घालू शकेल, असा इशारा त्यांनी दिला.

कायदा लागू झाल्यावर बेरियाने आपल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अन्य राज्यांतील कॉलेजांत शिकता यावे म्हणून खर्च उचलला आणि त्यांच्यासाठी निधी उभारून 1912 मध्ये लुइव्हिलजवळ लिंकन इन्स्टिट्यूट सुरू केली. ही सोय होती. जे मोडले होते त्याची भरपाई ती करू शकत नव्हती. डे कायद्यात 1950 मध्ये दुरुस्ती होऊन उच्च शिक्षणातील बंदी उठली आणि त्याच वर्षी बेरियाने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी दारे पुन्हा उघडली. मधली 46 वर्षे, म्हणजे जवळपास दोन पिढ्या, निघून गेल्या होत्या. फी यांचा मृत्यू 1901 मध्ये झालेला असल्याने यांतील काहीच त्यांनी पाहिले नाही.

शुल्क नाही, मग पैसा येतो कुठून?

आता हिशोबाकडे वळू. अमेरिकेतील खासगी कॉलेज साधारणपणे तीन स्रोतांवर चालते: विद्यार्थ्यांचे शुल्क, दरवर्षी मिळणाऱ्या देणग्या आणि कायम निधीचे उत्पन्न. कायम निधी म्हणजे आपल्याकडील विश्वस्त संस्था ज्याला कॉर्पस म्हणतात तो. देवस्थानाची इनाम जमीन जशी विकायची नसते, तिच्या पिकावर दिवाबत्ती आणि उत्सव चालवायचे असतात, तसाच हा प्रकार असतो. मूळ रक्कम गुंतवून ठेवायची आणि दरवर्षी तिचा साधारण 4 ते 5 टक्के भाग खर्चासाठी घ्यायचा, म्हणजे महागाई वजा जाता निधीचे मोल टिकून राहते.

बेरियाच्या विश्वस्तांनी 1920 मध्ये असा ठराव केला की ज्या मृत्युपत्रांत विशिष्ट हेतू नमूद केलेला नाही, त्यांतून येणारी सर्व रक्कम कायम निधीतच जाईल. मृत्युपत्राने येणारा पैसा अनपेक्षित असतो आणि अनपेक्षित पैशाने इमारत बांधण्याचा मोह प्रत्येक संस्थेला होतो. तो मोह त्यांनी शंभर वर्षे आवरला. आज हा निधी 1 अब्ज डॉलरहून अधिक आहे आणि शैक्षणिक खर्चाचा मोठा वाटा त्यातून भागतो. उरलेली रक्कम दरवर्षीच्या देणग्यांतून आणि सरकारी शिष्यवृत्त्यांतून येते.

इथेच कराचा प्रश्न उभा राहिला. डिसेंबर 2017 च्या कायद्याने, किमान 500 विद्यार्थी आणि प्रत्येक विद्यार्थ्यामागे 5 लाख डॉलर निधी असलेल्या खासगी संस्थांवर 1.4 टक्के कर बसवला. बेरियात विद्यार्थी साधारण दीड हजार. त्यामुळे दर विद्यार्थ्यामागील निधी मर्यादेच्या पलीकडे जात होता आणि गरिबांकडून काहीच न घेणारे कॉलेज कागदावर श्रीमंतांच्या यादीत येत होते. ‘शुल्क भरणारे’ हे शब्द मूळ विधेयकात होते, पण सेनेटच्या कार्यपद्धतीच्या नियमांमुळे ते ऐनवेळी वगळावे लागले. केंटकीचे सेनेटर मिच मॅकॉनेल यांनी पाठपुरावा केला आणि फेब्रुवारी 2018 च्या अर्थसंकल्पीय कायद्यात ते शब्द परत घालण्यात आले. 2025 च्या कायद्याने ही मर्यादा 500 वरून 3,000 वर नेली.

एका राज्याच्या वजनदार नेत्याने आपल्या संस्थेसाठी करवून घेतलेली ही सवलत नव्हे काय, अशी शंका रास्त आहे. सवलत राजकीय वजनामुळे मिळाली, हे खरे. परंतु कराचा उद्देश तपासला तर तिचे समर्थन करता येते. संस्था प्रचंड निधी साठवतात आणि तरीही विद्यार्थ्यांकडून भरमसाट शुल्क घेतात, ही त्या करामागची तक्रार होती. जिथे शुल्कच नाही, तिथे ती तक्रार लागू होत नाही आणि तिथे घेतलेला प्रत्येक डॉलर थेट शिकवण्याच्या खर्चातून कमी होतो.

‘मोफत’ या कल्पनेला मात्र एक मर्यादा आहे. शिक्षणशुल्क कोणालाच लागत नाही, पण राहण्या-जेवण्याचा खर्च कुटुंबाच्या ऐपतीप्रमाणे काही प्रमाणात द्यावा लागू शकतो. आणि याहून महत्त्वाची अट प्रवेशाची आहे. ज्यांचे कुटुंब कॉलेजचा खर्च सहज उचलू शकते, अशा विद्यार्थ्याला बेरिया प्रवेशच देत नाही. बहुतेक विद्यार्थी केंटकी आणि अॅपलेशियन भागातले असतात; जगाच्या इतर देशांतूनही काही येतात. नामवंत कॉलेजे श्रीमंतांच्या शुल्कावर काही गरिबांना शिष्यवृत्ती देतात. बेरियाने श्रीमंतांना दारातूनच परत पाठवून तो मार्ग स्वतःसाठी बंद केला आहे.

प्रत्येकाने काम करायचे

बेरियातील प्रत्येक विद्यार्थी आठवड्याला किमान 10 तास कॉलेजच्या कामावर असतो. मराठी वाचकाला येथे कर्मवीर भाऊराव पाटील यांची ‘कमवा आणि शिका’ योजना आठवेल, आणि श्रमाबद्दलचा आदर दोन्हीकडे सारखाच आहे. आपल्या महाविद्यालयांत आज ही योजना गरजू विद्यार्थ्यांसाठी असते आणि ती ऐच्छिक असते. बेरियात ती सर्वांना बंधनकारक आहे. कोणी शेतावर काम करतो. विद्यार्थ्यांनी चालवलेली ही शेती 1871 पासूनची आहे. कोणी 1909 मध्ये उघडलेल्या बून टॅव्हर्न या कॉलेजच्या हॉटेलात पाहुण्यांची व्यवस्था पाहतो, कोणी मागावर विणतो, कोणी ज्वारीच्या जातीच्या एका पिकाच्या तुऱ्यांपासून झाडू बांधतो. ग्रंथालय, प्रयोगशाळा, संगणक विभाग, आसपासच्या शाळांतील मुलांची शिकवणी, अशीही कामे असतात. कामावरील पर्यवेक्षक मूल्यमापन करतात आणि विद्यार्थ्याला विषयांच्या गुणपत्रकाबरोबर श्रमाची वेगळी नोंदही मिळते.

ही स्वस्त मजुरी नव्हे काय? प्रश्न गंभीरपणे घेतला पाहिजे, कारण विद्यार्थ्याच्या हातात पडणारा मोबदला बाजारातील मजुरीपेक्षा कमी असतो आणि काम नाकारण्याची मुभा नसते. मला दोन गोष्टी निर्णायक वाटतात. पहिली अशी की झाडू आणि कापड विकून हे कॉलेज चालत नाही. शिकाऊ हातांना शिकवण्यातच बराच खर्च होतो, आणि मिळणाऱ्या शिक्षणाची किंमत श्रमाच्या किमतीपेक्षा कितीतरी अधिक असते. दुसरी गोष्ट समतेची. काम फक्त गरजूंनी करायचे असले की भांडी घासणारा आणि न घासणारा असे दोन वर्ग वसतिगृहात तयार होतात. सर्वांनाच काम असल्यामुळे तो भेद उरत नाही. तरीही गणिताचा कठीण अभ्यासक्रम, 10 तासांचे काम आणि घरची ओढाताण एकत्र आली की काही विद्यार्थ्यांची दमछाक होते, आणि या व्यवस्थेची ती खरी किंमत आहे.

मग हे कॉलेज ख्रिस्ती कसे?

मोफत शिक्षण आणि ख्रिस्ती संस्था हे दोन शब्द एकत्र आले की आपल्याकडे धर्मांतराची शंका लगेच येते. बेरियाच्या बाबतीत ती जुळत नाही, कारण डोंगरातील गोरी कुटुंबे आणि गुलामगिरीतून सुटलेली कृष्णवर्णीय कुटुंबे बहुतांशी आधीपासूनच ख्रिस्ती होती. त्यांना कोणत्या पंथात ओढायचे, हा प्रश्नच संस्थापकांनी बाजूला ठेवला. पंथाभिमानाला विरोध नियमावलीतच होता. आजही हे कॉलेज कोणत्याही एका चर्चच्या ताब्यात नाही. प्रवेशासाठी किंवा नोकरीसाठी श्रद्धेची कबुली द्यावी लागत नाही. इतर धर्मांचे आणि कोणताच धर्म न मानणारे लोकही तिथे शिकतात आणि शिकवतात.

सर्व ख्रिस्ती कॉलेजे अशी नसतात. इलिनॉयमधील व्हीटन कॉलेज बेरियासारखेच गुलामगिरीविरोधी मंडळींनी 1860 मध्ये उभारले, पण तिथे प्राध्यापकांना विशिष्ट श्रद्धावचनावर सही करावी लागते. उलट अनेक जुन्या कॉलेजांनी धर्माचा उल्लेख केवळ स्थापनेच्या इतिहासापुरता ठेवला आहे. बेरिया या दोन्हींच्या मध्ये उभे आहे. आपल्या मूलभूत बांधिलकींच्या यादीत ते ख्रिस्ती मूल्यांचे नाव उघडपणे घेते, आणि त्यांचा अर्थ सर्व माणसांचे नाते, श्रमाची प्रतिष्ठा, साधी राहणी आणि अॅपलेशियन प्रदेशाची सेवा असा लावते. अशा ठिकाणी ख्रिस्तीपणा पातळ होऊन जातो, अशी टीका श्रद्धाळू मंडळी करतात. धर्माचे नाव तरी कशाला ठेवायचे, असे दुसऱ्या बाजूचे लोक विचारतात. मला फी यांची भूमिका अधिक सुसंगत वाटते, कारण त्यांच्यासाठी समता हे श्रद्धेचे फळ होते, आणि त्यांनी ती श्रद्धा इतरांवर लादण्याऐवजी तिच्यापायी घरदार गमावले. केंटकीत जन्मलेल्या प्रसिद्ध कृष्णवर्णीय विचारवंत बेल हुक्स 2004 मध्ये अध्यापनासाठी बेरियात आल्या आणि 2021 मध्ये मृत्यू होईपर्यंत तिथेच राहिल्या. त्या स्वतःचा आध्यात्मिक मार्ग बौद्ध आणि ख्रिस्ती असा दुहेरी सांगत. फी यांच्या संस्थेत अशा व्यक्तीला जागा असणे मला त्या भूमिकेशी जुळणारेच वाटते.

इतरांना हे का जमत नाही?

काहींना जमले आहे. मिसुरीतील कॉलेज ऑफ द ओझार्क्स आणि केंटकीतीलच अॅलिस लॉइड कॉलेज श्रम आणि शुल्कमाफीची सांगड घालतात. पण अशी उदाहरणे मोजकीच आहेत, आणि न्यूयॉर्कच्या कूपर युनियनचा अनुभव सावध करणारा आहे. 1859 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने शतकाहून अधिक काळ विद्यार्थ्यांना शुल्क लावले नव्हते. 2006 मध्ये तिने 17.5 कोटी डॉलरचे कर्ज काढले, नवी इमारत उभी केली, पुढे खर्च आणि उत्पन्न यांचा मेळ बसेना, आणि 2014 पासून नव्या विद्यार्थ्यांना शुल्क लागू झाले. तेथील विद्यार्थ्यांनी अध्यक्षांच्या कार्यालयात दोन महिने ठिय्या दिला होता. जुन्या स्थितीकडे परतण्याचा प्रयत्न संस्था तेव्हापासून करत आहे.

बेरियालाही धोका नाही असे नाही. निधी शेअर बाजारात गुंतलेला असल्यामुळे बाजार कोसळला की पुढची काही वर्षे खर्चाला कात्री लावावी लागते, आणि शुल्क वाढवून तूट भरून काढण्याचा इतर कॉलेजांचा मार्ग इथे बंद आहे. विद्यार्थीसंख्या वाढवली तर उत्पन्न वाढत नाही, फक्त खर्च वाढतो. त्यामुळे अर्ज कितीही आले तरी कॉलेजला दीड-दोन हजारांच्या आतच राहावे लागते. डोंगराळ केंटकीत कोळशाच्या खाणी बंद पडत गेल्या तशी गरज वाढली, जागा मात्र जवळपास तेवढ्याच राहिल्या. या कॉलेजचे लहान असणे हा काही अंशी स्वभाव आहे आणि काही अंशी नाइलाज, आणि प्रवेश न मिळालेल्या गुणी विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिले तर त्यातला नाइलाजच आधी दिसतो.